फेरेटच्या शेपटीत उतरलेला वसंत

युरोपात मार्च-एप्रिलचे दिवस लांबायला लागले की निर्बीजीकरण न झालेल्या फेरेटचं अख्खं अंग बदलतं. नराचे वृषण हिवाळ्यातच फुगायला लागलेले असतात. आता त्याच्या कातडीतल्या तेलग्रंथी जोरात सुरू होतात, केस तेलकट होतात, अंगावर पिवळट छटा येते आणि त्याचा मूळचाच उग्र वास खोलीभर कोंदतो. समोर येईल त्या फेरेटची मानगूट दातांत धरून तो त्याला फरफटत नेऊ लागतो. मादीचं योनिमुख एरवी बारीक टिंबाएवढं, शोधावं तेव्हा सापडणारं. ते काही दिवसांत सुजून गुलाबी, ओलसर आणि लांबूनही नजरेत भरेल असं होतं. दोघांच्याही शेपटीवरचे केस विरळ होतात, वजन उतरतं. यातलं काहीच आजारपण नव्हे. जनावर माजावर आलं आहे, इतकंच.

आता हेच सगळं जानेवारी महिन्यात, अमेरिकेतल्या एखाद्या शहरी घरात, चार-पाच वर्षांच्या फेरेटच्या अंगावर दिसू लागलं तर? आणि त्या फेरेटचं निर्बीजीकरण तो पिल्लू असतानाच झालेलं असेल तर? ज्याला वृषण नाहीत, जिला अंडाशय नाहीत, त्यांच्या अंगावर माजाच्या खुणा येतात कुठून? त्या येतात मूत्रपिंडाशेजारच्या, काही मिलिमीटर आकाराच्या एका ग्रंथीतून. या ग्रंथीचं जननेंद्रियांशी वरवर पाहता काही नातं दिसत नाही.

ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी, मराठीत अधिवृक्क ग्रंथी, आणि तिचा हा विकार पाळीव फेरेटमध्ये, विशेषतः अमेरिकेत, मध्यम वयानंतर सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजारांपैकी एक. तो सावकाश येतो. ताप आणत नाही, बराच काळ खाणंपिणं तोडत नाही, खेळणंही थांबवत नाही. त्यामुळे ‘हा आजारी दिसतोय का?’ असं स्वतःला विचारून तो हाती लागत नाही. विचारायचं ते असं: ‘हा माजावर आल्यासारखा दिसतोय का?’ एवढा एक प्रश्न मनात धरला की शेपटीचे केस, वास, खाज, चावरेपणा, लघवीची अडचण या सुट्या वाटणाऱ्या गोष्टी एका सुतात ओवल्या जातात. आणि त्या सुताचं दुसरं टोक शोधत गेलं की आपण थेट घरातल्या दिव्यांपर्यंत आणि गर्भातल्या पहिल्या दिवसांपर्यंत जाऊन पोचतो. सजीवांच्या शरीराबद्दल जे काही मी वाचलं आहे, त्यात इतकं थक्क करणारं फार थोडं आहे.

फोटोत पाहिलं तर फेरेट आपल्याला मुंगसासारखा वाटतो. पण मुंगसाचं कूळ निराळं. फेरेटची खरी भावकी म्हणजे विझल, मिंक, बॅजर. आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांत मासे मारणारं पाणमांजरही त्याच भावकीतलं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी फेरेट माणसाळवला, तो सशांच्या बिळात सोडण्यासाठी. स्पेन आणि त्याच्या शेजारच्या बेटांवर सशांनी मांडलेला उच्छाद ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने नोंदवला आहे, आणि तोंडाला मुसकं बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या अशाच एका लांबोळक्या शिकारी प्राण्याचाही उल्लेख केला आहे. आज बहुतेक फेरेट सशाचं तोंडही पाहत नाहीत. ते सोफ्याखाली मोजे लपवतात, दिवसाचे चौदा-सोळा तास झोपतात आणि साधारण सहा ते आठ वर्षं जगतात. पण त्यांचं शरीर अजून उत्तर युरोपच्या ऋतुचक्रावर चालतं, आणि गोष्ट इथूनच सुरू होते.

अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात टी. एच. बिसोनेट नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. नोव्हेंबर-डिसेंबरात, बाहेर अंधार पडून गेल्यावर, त्यांनी फेरेटच्या पिंजऱ्यांवर विजेचे दिवे चालू ठेवले. दिवस तेवढा लांबवला. ज्या माद्या वसंतात माजावर यायच्या, त्या भर हिवाळ्यात माजावर आल्या. हा प्रयोग १९३२ साली प्रसिद्ध झाला. सस्तन प्राण्याचं प्रजनन दिवसाच्या लांबीवरून चालतं, हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक. पुढे बिसोनेट यांनी डोळ्यांच्या नसा कापलेल्या आणि पियुषिका, म्हणजे पिट्युटरी, ग्रंथी काढलेल्या माद्यांवरही प्रकाशाचा परिणाम तपासला, आणि प्रकाशाची वाट डोळ्यांतून पियुषिकेपर्यंत जाते हे उलगडत गेलं.

ती वाट पुढच्या संशोधकांनी पायरी पायरीने मोकळी केली. डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या उजेडाची खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या शरीर-घड्याळाकडे जाते. तिथून ती मज्जारज्जूतून खाली उतरते, कवटीच्या बाहेर पडते, मानेतल्या चेतापेशींच्या एका गाठीत पोचते आणि मग तिथून उलटी फिरून पुन्हा डोक्यात, पिनिअल नावाच्या इवल्याशा ग्रंथीकडे चढते. अंधार असेल तोवर ही ग्रंथी मेलॅटोनिन सोडत राहते. रात्र लांब तर मेलॅटोनिनचा पहारा लांब, रात्र आखूड तर तोही आखूड. फेरेटच्या शरीरात कुठेही पंचांग टांगलेलं नाही. रात्री किती वेळ मेलॅटोनिन वाहिलं यावरूनच त्याला महिना कळतो. रात्री आखडल्या की मेंदूतून जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठेक्याने सुटू लागतं, त्याच्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते, ती वृषणांना किंवा अंडाशयांना जागवतात, आणि जनावर माजावर येतं. वृषण-अंडाशयांनी तयार केलेली लैंगिक संप्रेरकं मग उलट मेंदूला बजावतात, की झालं, आता पुरे. वरून हुकूम, खालून लगाम, असा हा रोजचा कारभार.

हा लगाम काढून घेतला तर काय होईल? ते सांगण्याआधी तो मुळात काढावा का लागतो ते सांगायला हवं, कारण निर्बीजीकरण करणाऱ्यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे आणि अन्यायाचंही.

फेरेटच्या मादीचं बीजांड आपोआप सुटत नाही. नराशी संग झाल्यावरच सुटतं. संग झाला नाही तर माज ओसरत नाही, आठवडेच्या आठवडे, कधी सबंध मोसमभर तो टिकून राहतो. इतका काळ रक्तात इस्ट्रोजेन चढलेलं राहिलं की ते हाडांतल्या मगजावर घाला घालतं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळ्यांचं उत्पादन मंदावतं. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कातडीखाली रक्ताचे डाग उमटतात आणि मादी दगावते. घरात एकटी पाळलेली मादी तशीच ठेवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. ब्रिटनमधले जुने फेरेटवाले यासाठी नसबंदी केलेला नर बाळगत. संग व्हायचा, माज उतरायचा, पिल्लं व्हायची नाहीत. अमेरिकेत मोठ्या पैदास केंद्रांनी दुसरी वाट धरली: पिल्लू जेमतेम सहा आठवड्यांचं असतानाच वृषण किंवा अंडाशय काढून टाकायचे आणि मगच ते दुकानात पाठवायचं. वासही कमी, नराची मारामारीही नाही, मादीच्या जिवाचा घोरही नाही.

पण मेंदूला हे कोणी कळवत नाही. वृषण-अंडाशय गेले, त्यांचा लगामही गेला. मेंदू हुकूम सोडतच राहतो. एलएच रक्तात वाढत जातं, आणि ज्या दाराशी ते जायचं ते दारच उरलेलं नसतं.

आता गर्भात जाऊ. भ्रूण अगदी कोवळा असताना त्याच्या पोटाच्या मागच्या भिंतीशी पेशींची एक पट्टी तयार होते. तिच्या एका भागातून पुढे वृषण किंवा अंडाशय घडतात आणि दुसऱ्या भागातून अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा बाहेरचा थर. एका पोटची भावंडंच ती. मोठेपणी त्यांचे संसार वेगळे होतात: एकाकडे प्रजनन, दुसऱ्याकडे ताणतणाव आणि क्षारांचा तोल. पण दोघांकडे मूळ कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. आणि त्यापासून संप्रेरकं घडवण्याची कारागिरीही बरीचशी सारखी. फेरेटच्या अ‍ॅड्रिनलमध्ये एलएच ओळखणारे ग्राहकही सापडतात. हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठातले निको स्खुमाकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ च्या सुमारास ते दाखवून दिले, आणि आजारी ग्रंथीतले हे ग्राहक नुसते शोभेचे नसून काम करणारे आहेत हेही.

म्हणजे घडतं ते असं. मालकाविना फिरणारं एलएच महिनोन् महिने, वर्षानुवर्षं अ‍ॅड्रिनलच्या दाराशी येत राहतं. तिथल्या काही पेशी त्याला ओ देतात. त्या वाढतात, त्यांची संख्या फुगते, आधी नुसती वाढ, मग गाठ, कधी साधी तर कधी कर्करोगाची. आणि या पेशी अ‍ॅड्रिनलचं नेहमीचं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढवत नाहीत. त्या इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन गटातली संप्रेरकं बनवायला लागतात. काढून टाकलेल्या अंडाशयाचं काम त्याचं भावंड अंगावर घेतं. उंदरांच्या काही विशिष्ट वंशांतही जननग्रंथी काढल्यावर अ‍ॅड्रिनलमध्ये अशाच गाठी होतात, त्यामुळे निसर्गातला हा एकटा चमत्कार नव्हे. पण पाळीव जनावरात तो इतक्या सर्रास दिसावा हे फेरेटचंच.

उट्रेख्टच्याच संशोधकांनी २००० साली एक साधा हिशेब मांडला होता. हॉलंडमधल्या आजारी फेरेटचं निर्बीजीकरण कोणत्या वयात झालं आणि आजार कोणत्या वयात सापडला, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हींत सरळ नातं निघालं: शस्त्रक्रियेनंतर साधारण साडेतीन वर्षांनी आजार. ज्याची शस्त्रक्रिया लवकर, त्याचा आजार लवकर. हा हिशेब वाचल्यावर सहा आठवड्यांच्या पिल्लाची शस्त्रक्रिया निराळ्याच प्रकाशात दिसते.

कुत्र्यांच्या डॉक्टरांना अ‍ॅड्रिनलच्या अतिकामाचा आजार चांगला ठाऊक असतो. त्याला कुशिंगचा आजार म्हणतात. त्यात कॉर्टिसॉल वाढतं, कुत्रा घटाघटा पाणी पितो, भरमसाट लघवी करतो. फेरेटमध्येही केस जातात, पोट सुटतं, म्हणून सुरुवातीला लोकांनी याला कुशिंगचाच भाऊ मानलं आणि कुत्र्यांच्या चाचण्या लावल्या. त्या फसल्या, कारण मोजलं जात होतं कॉर्टिसॉल आणि वाढलेलं होतं भलतंच. नव्वदच्या दशकात लैंगिक संप्रेरकं मोजायला सुरुवात झाली तेव्हा चित्र स्वच्छ झालं. आजही रक्ततपासणीत एस्ट्राडायॉल, अँड्रोस्टेनडायोन आणि सतरा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या तिघांकडे बघतात. पण कोणतीही चाचणी करायची वेळ यायची ती कुणाच्या तरी नजरेला काही खटकल्यावरच, आणि ती नजर रोज त्याला उचलून घेणाऱ्याची असते.

तेव्हा फेरेटला मांडीवर घ्या. उजेड चांगला असू द्या. दोन बोटांत शेपटी बुडापासून हलकेच धरून टोकाकडे सरकवत न्या. निरोगी शेपटी हाताला गुबगुबीत लागते, केस दाट, खालची लोकर वेगळी जाणवते. आजाराच्या सुरुवातीला बुडाशीच ही लोकर विरळ झालेली लागते. केस उपटल्यासारखे टक्कल नव्हे, तर वापरून वापरून उडालेल्या गालिच्यासारखं. तिथून विरळपणा कमरेवर, मग कुशींवर, मग पोटाखाली सरकतो, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. हा सारखेपणा फार बोलका आहे. पिसवांनी किंवा खरजेने केस गेले तर ते जिथे खाजवलं तिथे, वेडेवाकडे जातात. संप्रेरकांमुळे जातात ते आरशात पाहिल्यासारखे. केस बाजूला करून कातडी बघा. ती कागदासारखी पातळ झालेली असू शकते, खालच्या शिरा दिसू लागतात. कधी पिवळट-केशरी मळकट थर दिसतो, अंघोळ घातली तरी दोन दिवसांत परत येणारा. हा थर म्हणजे माजावर आलेल्या नराच्या अंगावर येतो तोच.

नुसती शेपटी गेली आणि तिच्यावर काळे काळे ठिपके, मुरुमांसारखी भरलेली छिद्रं असतील, तर मात्र लगेच घाबरू नये. काही फेरेटच्या शेपट्या मोसमात अशा उंदराच्या शेपटीसारख्या होतात आणि थंडीत पुन्हा भरतात. शेपटीनंतर कंबर आली, की मग थांबायचं नाही.

आता या आजाराची सर्वांत मोठी हुलकावणी. पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर केस जातात आणि पानगळीच्या दिवसांत जसेच्या तसे परत येतात. घरचे म्हणतात, ऋतू बदलला, कात टाकली. फेरेटची लोकर खरोखरच वर्षातून दोनदा बदलते, वजनही हिवाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, त्यामुळे हा समज अगदी साहजिक. पुढच्या वर्षी केस जरा लवकर जातात आणि जरा कमी परत येतात. तिसऱ्या वर्षी येतच नाहीत. म्हणजे जे ऋतुमानाप्रमाणे वाटत होतं, तीच खूण होती. कारण एलएचसुद्धा ऋतुमानाप्रमाणेच चढत-उतरत होतं. फोनमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी शेपटी आणि पाठ यांचा एक फोटो काढून ठेवावा असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. रोज पाहणाऱ्या डोळ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही, आणि डॉक्टरांना गेल्या एप्रिलचा फोटो दाखवता आला तर अर्धं निदान तिथेच होतं.

मादीची खूण सर्वांत स्पष्ट: निर्बीजीकरण झालेल्या मादीचं योनिमुख सुजणं. तिला उताणी धरून आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय ठेवली तर टिंबाचं वाटाण्यात रूपांतर होत असताना नजरेतून सुटत नाही. याचं दुसरं एक कारण असू शकतं, शस्त्रक्रियेत अंडाशयाचा तुकडा मागे राहणं, आणि ते डॉक्टरांना वेगळं काढावं लागतं. साधारणपणे तरुण मादीत आणि शस्त्रक्रियेनंतर लवकरच अशी सूज आली तर आधी त्या तुकड्याचा संशय घेतात. चार-पाच वर्षांच्या मादीत अ‍ॅड्रिनलचा.

नराच्या बाबतीत डोळ्यांआधी वागणुकीवर लक्ष ठेवायचं. वर्षानुवर्षं एकत्र झोपणारा नर अचानक जोडीदाराची मानगूट पकडून ओढू लागतो, त्याच्यावर चढतो, कोपऱ्याकोपऱ्यात लघवीचे शिंतोडे उडवतो. घरचे याला खोडसाळपणा समजतात. पण वृषण नसलेल्या जनावराला हा जोश आला कुठून, हे विचारायला हवं. त्यापुढची खूण मात्र तातडीची. अ‍ॅड्रिनलमधून येणाऱ्या संप्रेरकांनी नराच्या पुरःस्थ ग्रंथीचं, म्हणजे प्रोस्टेटचं, अस्तर बदलतं, ती फुगते, तिच्यात पाण्याच्या किंवा पुवाच्या पिशव्या होतात आणि मूत्रमार्ग आवळला जातो. नर शौचासाठी ठेवलेल्या मातीच्या पेटीत जाऊन बसतो, कण्हतो, पाठ कमानीसारखी करतो, आणि बाहेर येतात जेमतेम दोन थेंब. पोट खालून कडक लागतं. एकदा पूर्ण तुंबलं की हा खेळ काही तासांचा. सकाळी दाखवू, असं म्हणण्याची ही वेळ नव्हे. बद्धकोष्ठ समजून इथे वेळ दवडला जातो, म्हणून पेटीत बसलेला नर मागून कुंथतोय की पुढून, हे वाकून बघावं.

खाज ही खूण मला वैयक्तिकरीत्या फार महत्त्वाची वाटते, कारण ती कधी कधी केस जाण्याच्याही आधी येते आणि तिचा सगळीकडे वेगळाच अर्थ लावला जातो. खांद्यांच्या मधे, पाठीवर फेरेट झोपेतून उठून खाजवत सुटतो. पिसवांचं औषध होतं, खाणं बदलतं, अंथरूण बदलतं, खाज राहते. सगळे उपाय झाल्यावरही टिकणारी खाज तीन वर्षांवरच्या निर्बीज फेरेटमध्ये अ‍ॅड्रिनलकडे बोट दाखवते. याखेरीज स्नायू झिजणं, मागचे पाय अशक्त होणं, पोट खाली लोंबणं, झोप वाढणं या खुणा सावकाश येतात आणि वयाच्या नावावर खपून जातात. एक इशारा: मागचे पाय लटपटणं, शून्यात बघत उभं राहणं, तोंडाला पंजे मारणं, लाळ गळणं हे एकत्र दिसलं तर ते बहुधा स्वादुपिंडाच्या गाठीमुळे रक्तातली साखर घसरल्याचं लक्षण. फेरेटमध्ये हे दोन्ही आजार एकाच अंगात सुखाने नांदतात, त्यामुळे एक सापडला म्हणून दुसरा शोधायचं सोडू नये.

डॉक्टर सोनोग्राफीत ग्रंथीची जाडी मोजतात. निरोगी ग्रंथी साधारण तीन मिलिमीटर जाड. चारच्या पुढे गेली, गोल झाली, तिचा पोत बदलला की संशय बळावतो. डावी ग्रंथी चरबीत बसलेली असते, शस्त्रक्रियेने काढायला तुलनेने सोपी. उजवी मात्र शरीराच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीलेला अगदी चिकटून असते, आणि एक किलोच्या जनावरात ती वेगळी करणं भल्याभल्या सर्जनला घाम फोडतं.

औषधाची वाट जास्त विस्मयकारक आहे. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजे गिमँ यांच्या प्रयोगशाळांनी उलगडली. शॅली यांच्या गटाने त्यासाठी डुकरांचे लाखावर मेंदू-तुकडे दळले होते. दोघांना १९७७ चं नोबेल मिळालं. लगेच पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवलं, की जीएनआरएच ठेक्याने, थांबून थांबून दिलं तर पियुषिका एलएच सोडते, आणि अखंड देत राहिलं तर ती चक्क बंद पडते. हुकूम सतत कानावर आदळत राहिला की ऐकणारे ग्राहकच ती आत ओढून घेते. ल्युप्रोलाइड आणि डेस्लोरेलिन ही औषधं याच खुबीवर चालतात. माणसाच्या प्रोस्टेटच्या कर्करोगातही पहिलं औषध वापरतात. फेरेटच्या खांद्यांमधे कातडीखाली डेस्लोरेलिनची ४.७ मिलिग्रॅमची कांडी घातली की पहिले काही दिवस खुणा किंचित वाढू शकतात, मग पियुषिका गप्प होते. दोनेक आठवड्यांत सूज, खाज, चावरेपणा ओसरू लागतो, महिना-दीड महिन्यात केस उगवायला लागतात. एका अभ्यासात खुणा परत यायला सरासरी सुमारे दीड वर्ष लागलं. अमेरिकेत ही कांडी फेरेटच्या याच आजारासाठी २०१२ पासून कायदेशीरपणे उपलब्ध आहे.

मात्र केस परत येणं आणि आजार जाणं या दोन गोष्टी एक नव्हेत. कांडीने हुकूम थांबतो, गाठ विरघळेलच असं नाही. काही गाठी हुकुमाविना स्वतःच वाढायला शिकलेल्या असतात. मेलॅटोनिनच्या बाबतीत तर हा फरक आणखी ठळक. ते दिलं की फेरेट महिन्याभरात देखणा होतो, लोकर दाट होते, कारण शरीराला हिवाळा आल्याची खबर मिळते. आत गाठ वाढतच असू शकते. म्हणून केस आल्यावरही दर काही महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, हे पटवून द्यायला डॉक्टरांना सर्वांत जास्त शब्द खर्चावे लागतात.

मेलॅटोनिनवरून आपण पुन्हा दिव्यांकडे येतो. ब्रिटनमध्ये फेरेट परंपरेने अंगणातल्या खुराड्यात, वृषण-अंडाशयांसह, खऱ्या रात्रीत राहिला. अमेरिकेतला फेरेट निर्बीज होऊन दिवाणखान्यात आला, जिथे रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू. बिसोनेट यांनी मुद्दाम लावलेले दिवे आता घरोघरी, बाराही महिने लागलेले आहेत. आजार वाढण्यात या लांबलेल्या दिवसाचाही हात असावा असा अनेक तज्ज्ञांचा दाट संशय आहे, आणि फेरेटला संध्याकाळी लवकर, पूर्ण काळोख्या खोलीत झोपवण्याने कोणाचंही नुकसान होत नाही.

आणि उट्रेख्टच्या गटाने या सगळ्यातून जो धागा उचलला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वृषण-अंडाशय कापूनच का टाकायचे? तीच डेस्लोरेलिनची कांडी निरोगी, तरुण फेरेटला घातली तर पियुषिका गप्प राहते, वृषण आक्रसतात, वास कमी होतो, मारामारी थांबते, मादीचा जीवघेणा माज येत नाही, आणि रक्तात एलएच मालकाविना भटकतही नाही. नरांवरचा त्यांचा असा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि युरोपातले अनेक पशुवैद्य आता शस्त्रक्रियेआधी कांडीचाच पर्याय पुढे ठेवतात. तिचा असर ओसरला की ते सांगायला कुठल्या चाचणीची गरज पडत नाही: नराचे वृषण पुन्हा भरलेले लागतात, मादीचं योनिमुख फुगायला लागतं. मग नवी कांडी घालायची आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष सुटायचं.